न्यूझीलंडहून तीन चाकी बाबागाडी आणावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. लेक पाच महिन्यांची झाली. इमारत जुनी, तीन मजली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझी बहीण ऑकलंडला असते. डिसेंबरात येताना ती मैत्रिणीची वापरलेली तीन चाकी बाबागाडी आणते म्हणतेय. हवेची मोठी चाकं आहेत आणि तिकडे अशा गाड्या खूप दिसतात म्हणे. मिस्टर रोज सकाळी पळायला जातात. लेकीला गाडीत बसवून पळायचं त्यांनी आत्ताच ठरवून टाकलंय. मी लवकरच कामावर रुजू होणार, त्यामुळे संध्याकाळी तिला बागेत सासूबाई नेतील. त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांचं म्हणणं, पुढे एकच चाक म्हणजे गाडी कलंडणार. त्यापेक्षा इथल्याच दुकानातून दहा-बारा हजारांची चार चाकी घ्या. आमची कार लहान आहे, सीएनजीवरची. बहिणीला आठवडाभरात कळवायचंय. काय करू?

— एक आई, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: संध्याकाळी बागेत सासूबाई नेतील. बऱ्याच घरांत बाबागाडी निवडतो एक आणि ढकलतो दुसराच. निवडणारा फोनवर फोटो बघतो, ढकलणाऱ्याला मात्र ती रोज फुटपाथवर चढवावी लागते. म्हणून तुमच्या प्रश्नाचा विचार मी सासूबाईंपासून सुरू करणार आहे. मिस्टरांच्या पळण्याकडे नंतर येऊ.

आधी उत्तर सांगून टाकते. बहिणीला ‘आण’ म्हणून कळवा, पण गाडीचं पुढचं चाक गरगर फिरणारं आणि हवं तेव्हा सरळ अडकवता येणारं असेल तरच. ते चाक कायमचं सरळ बसवलेलं असेल, तर फुकट मिळाली तरी नको. कारण पुढे सांगते.

तीन चाकी म्हणून जे विकलं जातं, त्यात अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक प्रकार निव्वळ पळणाऱ्यांसाठीचा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फिल बेकलर नावाच्या पत्रकाराने लेकराला घेऊन पळता यावं म्हणून गाडीला सायकलची चाकं लावली, तिथून या गाड्या बाजारात आल्या. यात पुढचं चाक सरळच असतं, म्हणजे वेगात गाडी आपली आपण भलतीकडे वळत नाही. पण वळायचं झालं की दांडा खाली दाबून पुढचं चाक उचलायचं आणि अख्खी गाडी फिरवायची. बागेच्या फाटकात, भाजीवाल्याच्या गाडीशेजारी, पार्किंगमध्ये, प्रत्येक वळणावर हेच. सासूबाईंच्या मनगटांना हा रोजचा व्यायाम नको. दुसरा प्रकार खडबडीत रस्त्यांसाठीचा: हवेचे जाड टायर, बारा इंचांच्या आसपास चाकं, पुढचं चाक फिरतं आणि खटक्याने सरळही अडकतं. न्यूझीलंड तर या गाड्यांचं माहेरच. तिथल्या कंपन्यांनी त्या जगभर नेल्या. तुमच्या बहिणीच्या मैत्रिणीची गाडी बहुधा यातली असेल. तिसरा प्रकार आपल्याकडे ऑनलाइन स्वस्तात दिसतो: पुढे प्लास्टिकची छोटी जोडचाकं, मागे दोन, दिसायला ऐटदार. तीन चाकं असली तरी खडबडीत रस्त्यावर तिचा काहीच उपयोग नाही. आणि दांडा लावलेली तीन चाकी सायकल तर वेगळीच वस्तू. ती नीट बसता येणाऱ्या, दीड-दोन वर्षांच्या मुलाचं खेळणं आहे. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला त्यात बसवून फिरवू नका, कोणी भेट दिली तरी.

आता सासूबाईंची शंका. ती उगीचची नाही, आणि ‘आई, तुम्हाला काय कळतंय’ म्हणून तर मुळीच उडवून लावू नका. पुण्याच्या माणसाला रिक्षा वळणावर कशी कलते ते ठाऊक असतं. पुढे एक चाक असलेल्या कुठल्याही गाडीचं तेच आहे. जोरात ढकलत असताना एकदम वळवली, किंवा आडव्या उतारावर मागचं एक चाक फुटपाथच्या कडेवरून खाली गेलं, तर तीन चाकी चार चाकीपेक्षा लवकर कलते. पण या बाबागाड्यांची मागची चाकं एकमेकांपासून लांब असतात आणि बाळाचं वजन त्यांच्या जवळ, खाली पडतं. चालण्याच्या वेगात ती सहसा कलंडत नाही. उलट खड्ड्याखुड्ड्यांत तिचा एक गुण दिसतो: तीन चाकं कितीही वेड्यावाकड्या जमिनीवर एकाच वेळी टेकतात. हलक्या चार चाकीचं एखादं चाक अशा ठिकाणी अधांतरी राहतं, बाकीची अडतात आणि ढकलणारा वैतागतो.

मला कलंडण्याची खरी भीती वेगळ्याच ठिकाणी वाटते, आणि ती तीन चाकीला आहे तशी चार चाकीलाही. दांड्याला भाजीची पिशवी अडकवणं. बाळ बसलेलं असतं तोवर वजन सावरलं जातं. बागेत पोचल्यावर बाळाला उचलून घेतलं, की दोन किलो कांदे-बटाटे गाडीला मागे ओढतात आणि ती उताणी पडते. त्याहून वाईट म्हणजे बाळ आत असताना कोणी पिशवीत आणखी काही टाकतं तेव्हा. पिशवी खालच्या जाळीत ठेवायची, दांड्याला कधीच नाही. ही एक सवय सासूबाईंनी लावून घेतली, तर कलंडण्याची निम्मी काळजी मिटेल.

त्या साडी नेसतात की पंजाबी ड्रेस घालतात, तुम्ही लिहिलं नाहीत. दोन्हीत एक गोष्ट सारखी: पदर किंवा ओढणी. मागची चाकं मोठी, उघडी, आरे असलेली. चालताना ढकलणारीची पावलं त्यांच्या मधोमध पडतात. वाऱ्यावर पदर चाकात गेला की गाडी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे झुकतो. पदर खोचून घ्यायचा, ओढणीला गाठ मारायची. बाहेर पडायच्या आधी पट्टे लावतो तसंच हेही. दुसरं, ब्रेक. पायाने लावायचा ब्रेक दोन तऱ्हांचा असतो. एकात लावायलाही दाबायचं आणि सोडवायलाही दाबायचं. दुसऱ्यात लावायला दाबायचं, पण सोडवताना पायाच्या बोटांनी खालून वर उचलायचं. बुटात हे सोपं जातं. चपलेत बोटांची नखं दुखावतात, आणि मग माणूस ‘दोन मिनिटांसाठी कशाला’ म्हणत ब्रेक लावायचाच टाळतो. बहिणीला म्हणावं, चप्पल घालून ब्रेक लावून-सोडवून दाखव. दांड्याची उंची कमी-जास्त होते का, तेही विचारा. मिस्टर उंच आणि सासूबाई ठेंगण्या असतील, तर एका उंचीचा दांडा दोघांपैकी एकाच्या पाठीवर येणार.

यानंतर रस्ता. गाडीचा निर्णय करण्याआधी एक काम करा: मोजपट्टी घेऊन घरापासून बागेपर्यंत चालत जा. या तीन चाक्यांची मागची रुंदी साधारण साठ ते सत्तर सेंटीमीटर असते. सोसायटीच्या मोठ्या फाटकातलं छोटं दार किती रुंद आहे? बागेचं फिरतं फाटक असेल तर शेजारी गाडी जाण्याएवढी वाट आहे का? आणि पुण्यातला खास अडसर म्हणजे फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले खांब. दुचाकीवाल्यांनी फुटपाथवर चढू नये म्हणून ते आले, आणि व्हीलचेअरवाला, काठीवाले आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई यांचीच वाट अडवून बसले. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. जंगली महाराज रस्त्याचा नव्याने केलेला फुटपाथ पाहिला की असं करता येतं याची खात्री पटते. तुमच्या गल्लीत तसं नसेल, तर बागेपर्यंतच्या वाटेवर कुठे खांबांतून गाडी जाणार नाही ते लिहून ठेवा, फोटो काढा आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, आणि तुमची लेक गाडीत बसली तरी चालणाऱ्यांतलीच आहे. याबद्दल मला फार मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

रस्ता मोजून झाला की मोठ्या चाकांचा फायदा कुठे ते आपोआप कळेल. निघालेले पेव्हर ब्लॉक, गतिरोधक, चेंबरचं वर आलेलं झाकण, खोदून बुजवलेल्या चराची रांग, इथे पाच-सहा इंचांचं प्लास्टिक चाक अडकतं आणि हवेचा टायर ओलांडून जातो. बाळाला बसणारे हादरेही कमी होतात. गटाराच्या जाळीच्या फटी मात्र मोठ्या चाकालाही धरतात. त्या तिरक्या ओलांडायच्या. सहा इंचांची कड कुठलीच बाबागाडी आपणहून चढत नाही. तीन चाकीची रीत अशी: कडेला सरळ समोरून जायचं, दांडा खाली दाबून पुढचं चाक वर ठेवायचं, मग मागची दोन्ही चाकं कडेला भिडवून एकदम वर घ्यायची. उतरताना गाडी फिरवून पाठमोरं उतरायचं. मागची दोन्ही चाकं बरोबरच खाली. तिरकं कधी चढायचं-उतरायचं नाही, कारण तीन चाकी कलते ती नेमकी तिथेच. पहिल्यांदा बाळाऐवजी तांदळाचं पोतं बसवा आणि सासूबाईंना पार्किंगमध्ये दोन-चार वेळा सराव करू द्या. त्यांची भीती बोलण्याने जाणार नाही, हाताला सवय झाली की जाईल.

आता तुमचा दुसरा मजला. या गाड्या दहा ते चौदा किलोच्या असतात. लेक डिसेंबरात सात-आठ किलोची असेल. दोघांना मिळून जिन्यावरून न्यायचा विचारही नको, आणि बाळाला गाडीतच ठेवून दोघांनी गाडी उचलायची हा प्रकार तर कधीच नको. जिन्यावर एकाचा पाय घसरला की संपलं. म्हणजे गाडी खालीच राहणार. पार्किंगमध्ये तिच्यासाठी कोरडा कोपरा मिळतो का, हे बहिणीला कळवायच्या आधी सोसायटीत विचारा. कोपरा मिळत नसेल, तर माझं वरचं उत्तर बदललं असं समजा. मग हलकी, एका हाताने उचलता येणारी गाडीच घ्या. कोपरा मिळाला तर सायकलची साखळी लावायची, पण ती चाकातून न ओवता सांगाड्यातून. चाकं काही सेकंदांत निघतात, आणि नुसतं चाक बांधलं तर सकाळी चाकच शिल्लक राहील. वर जुनी चादर टाका. खाली मांजरं येतात, त्यांना ती गुबगुबीत बैठक फार आवडते. बैठकीचं कापड सुटं करून धुता येणारं हवं. पुण्याच्या पावसाळ्यात जाड गादीला बुरशी लागायला वेळ लागत नाही. तुमच्या पार्किंगमधून वर येताना जिन्यालगत स्कूटर चढवायची चिंचोळी पट्टी असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. तीन चाकी तिच्यावरून जात नाही.

कारबद्दल सरळच सांगते. सीएनजीच्या टाकीने डिकी भरली असेल, तर घडी करूनही ही गाडी तिथे मावणार नाही. दोन्ही मागची चाकं काढली तर कदाचित मागच्या सीटवर आडवी बसेल, पण मग माणसं कुठे बसणार? रिक्षातही तेच. ही गाडी घरापासून चालत जाण्याची आहे. आजोळी, लग्नाला, डॉक्टरकडे जाताना ती घरीच राहील आणि लेक कडेवर. हे मान्य असेल तरच आणा. जेवढी चाकं मोठी, तेवढी गाडी घडी करायला आणि उचलायला अवघड, यातून सुटका नाही. हलक्या घडीच्या गाडीचा जन्मच प्रवासाच्या गरजेतून झाला: १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या विमानांच्या अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. तुमचं फिरणं जास्त करून कारने आणि मॉलमध्ये असतं, तर मी तीच सुचवली असती.

दुकानातल्या दहा-बारा हजारांच्या चार चाकीला मी नावं ठेवणार नाही. गुळगुळीत फरशीवर, मॉलमध्ये, मेट्रो स्थानकावर ती उत्तम. ती घ्यायची झाली तर खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून असा पाच टोकांचा पट्टा आहे का ते बघा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर दुसरी बघा. घडीच्या बिजागरीवर झाकण आहे का तेही बघा. २००९ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं पुरवावी लागली होती, कारण गाडी उघडताना लहान मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. गाडी कुठलीही असो, उघडता-मिटताना लेक हाताच्या अंतरावर नको. आणि युरोपातल्या ईएन १८८८ या मानकाचा शिक्का गाडीवर किंवा पुस्तिकेत असेल तर चांगली खूण समजा.

मिस्टरांना हा भाग वाचायला द्या. बाळाला घेऊन पळायचं ते बाळ आधाराशिवाय पक्कं बसायला लागल्यावर. गाड्यांच्या पुस्तिकांत बहुधा किमान सहा महिने लिहिलेलं असतं, आणि अनेक बालरोगतज्ज्ञ आठ महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी; चालण्याच्या हादऱ्यात आणि पळण्याच्या हादऱ्यात फार फरक आहे. डिसेंबरात लेक आठ महिन्यांची होईल, म्हणजे वयाचा हिशेब बरोबर बसतोय. तरी नवव्या महिन्याच्या लशीला जाल तेव्हा डॉक्टरांना तिची मान आणि पाठ दाखवून त्यांचा होकार घ्या, तोवर फक्त चाला. शिवाय बहिणीला विचारून घ्या की या मॉडेलच्या पुस्तिकेत पळायला परवानगी आहे का. हवेची चाकं असलेली प्रत्येक तीन चाकी पळण्यासाठी नसते, ही चूक खूप जण करतात. परवानगी असेल तर पुढचं चाक सरळ अडकवूनच पळायचं. फिरतं चाक वेगात थरथरतं, एखाद्या खड्याने आडवं होतं आणि गाडी पुढे पालथी होते. मनगटाला बांधायचा पट्टा कायम घालायचा. उतारावर पळायचं नाही. आणि वाहनांच्या रस्त्यावर तर नाहीच, पहाटे पाचलाही नाही. पहाटे रस्ते रिकामे असतात म्हणूनच गाड्या सुसाट असतात. त्यांची शर्यतीची तयारी वेगळी, एकट्याने. लेकीबरोबरचं पळणं गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाचं. हे त्यांना पटलं नाही, तर निदान वर्षभर तरी गाडी फक्त सासूबाईंची आणि तुमची.

तीन चाकीतली एक उणीव मला खटकते आणि ती दुकानदार सांगत नाहीत. बहुतेक गाड्यांत बाळाचं तोंड रस्त्याकडे असतं, आपल्याकडे नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ साली रस्त्यावरच्या २,७२२ मायलेकरांच्या जोड्या पाहिल्या, तेव्हा तोंड आईकडे असलेल्या गाड्यांत बोलणं साधारण दुपटीने होत असल्याचं दिसलं. आठ महिन्यांचं लेकरू आवाजावर, चेहऱ्यावर जगतं. कुत्रा भुंकला तर ते आधी आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं, आणि इथे ते तोंडच दिसत नाही. मैत्रिणीच्या गाडीची बैठक उलटी लावता येत असेल तर सोनंच. नसेल तर सासूबाईंना सांगा, दर थोड्या वेळाने ब्रेक लावून पुढे यायचं, वाकून दोन शब्द बोलायचे. झाड दाखवायचं, काऊ दाखवायचा. आजी असल्यावर हे वेगळं सांगायला लागणार नाही म्हणा.

धुराचंही तसंच. गाडीतलं बाळ वाहनांच्या नळकांड्याच्या उंचीला असतं. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली मोजमापं घेतली, तेव्हा बाबागाडीतली बाळं सोबतच्या मोठ्यांपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषक कण श्वासात घेत असल्याचं दिसलं. कर्वे रस्त्यावरून संध्याकाळी सहाला नेण्यापेक्षा आतल्या गल्लीतून पाच मिनिटं लांबून गेलेलं केव्हाही बरं. सिग्नलला थांबायची वेळ आली तर कडेपासून मागे, वाहनांपासून लांब थांबायचं.

आणि उन्हाळ्यातली एक सवय मोडायची आहे. ऊन लागू नये म्हणून आपण गाडीवर दुपटं किंवा ओढणी पसरतो. हेतू मायेचा, पण आत हवा कोंडते. २०२३ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की कोरड्या मलमलच्या कापडाने झाकल्यावर आतलं तापमान अडीच अंशांहून अधिक वाढतं, तर तेच कापड ओलं करून सोबत छोटा पंखा लावला तर जवळपास पाच अंशांनी उतरतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर न्यायचंच नाही. न्यावं लागलं तर गाडीचं छप्पर ओढा, कापड ओलं आणि एक बाजू उघडी ठेवा, आणि हात घालून मान बघत राहा. पावसाच्या प्लास्टिकच्या आवरणाचंही हेच: पाऊस थांबला की लगेच काढायचं.

बहिणीला व्हिडिओ कॉलवर काय तपासायला सांगायचं ते आता लिहून घ्या. पुढचं चाक सरळ अडकवून सपाट जमिनीवर गाडी रिकामी सोडायची. चार-पाच पावलांत ती एका बाजूला ओढली जात असेल, तर चाकाजवळच्या स्क्रूने ती सरळ होते का ते बघायचं. पुढचं चाक धरून हलवायचं. खडखडत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. चाक अडकवायची खिट्टी घट्ट बसते ना, हे दोनदा बघायचं. पुढचं चाक धावत असताना निखळून पडण्यासारखा दुसरा धोका नाही, आणि खिट्टी नीट न लावल्याने तो ओढवतो. सांगाड्याच्या जोडांवर तडे, पट्ट्यांची शिवण आणि गाडी उघडल्यावर घडीचं कुलूप लागल्याचा आवाज, हेही तपासायचं. टायरच्या बाजूला हात फिरवून भेगा बघायच्या. बैठक पूर्ण आडवी होते का, तेही विचारा. लेक चालता-चालता झोपणार, आणि बसल्या बसल्या मान छातीवर पडून झोपलेलं बाळ मला पाहवत नाही. त्या स्थितीत लहान बाळाचा श्वासही अडू शकतो.

सुट्या भागांचं आत्ताच बघा. तिकडची गॅरंटी इथे उपयोगी पडेल असं धरून चालू नका. बारा इंची ट्यूब आपल्याकडे मुलांच्या सायकलच्या दुकानात मिळते, पण सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि या गाड्यांचा बहुधा स्कूटरसारखा. म्हणून येतानाच बहिणीने तिकडून दोन ट्यूब आणाव्यात. हवा पेट्रोल पंपावर भरू नका, एवढीशी ट्यूब एका झटक्यात फुटते. हातपंप घ्या आणि टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमीच भरा. गाडी मऊ चालते. विमानात गाडी घालताना चाकं काढून, हवा थोडी सोडून खोक्यात भरायची. सोबत बाळ असलं की पुष्कळ विमान कंपन्या बाबागाडी फुकट नेतात, पण बहीण एकटी येणार असेल तर ती तिच्या सामानातच धरली जाईल. खोक्याचं माप आणि वजन आधी विचारून ठेवलेलं बरं, नाहीतर फुकटची गाडी विमानतळावर महाग पडेल.

मधल्या तीन महिन्यांसाठी काही विकत घेऊ नका. आत्ता पाच महिन्यांची लेक अजून पक्की बसत नाही. तिला कडेवर, झोळीत किंवा अंगाला बांधायच्या कॅरिअरमध्ये न्या. कॅरिअर असेल तर बाळाचं तोंड दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको आणि मांड्यांना खालून आधार हवा. तो पुढेही वाया जात नाही. वेताळ टेकडीवरच्या दगडगोट्यांच्या वाटेवर तीन चाकीही नेऊ नका. तिथे लेक मिस्टरांच्या छातीवर बांधलेली आणि मिस्टर चालत.